दोषाचा कर्ता : फाइल-व्यवस्थेच्या तपासणीची भाषा

जुन्या संगणकावरील फाइल-व्यवस्था कोसळू लागली म्हणजे पडद्यावर जो मजकूर उमटतो, त्याचे एक संहिता म्हणून परीक्षण करावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो मजकूर यंत्राचा समजला जातो, आणि यंत्राच्या भाषेला शैली नसते अशी एक समजूत रूढ आहे. वस्तुतः हा मजकूर माणसांनी, विशिष्ट काळी, विशिष्ट यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. तो वाचणारा मनुष्य बहुधा घाबरलेला असतो. आणि वाचून झाल्यावर त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे जे एका शब्दाचे उत्तर द्यावयाचे असते, त्याचे परिणाम पुष्कळदा परत फिरविता येत नाहीत. ज्या संहितेच्या चुकीच्या वाचनाने वर्षानुवर्षांचे लेखन नष्ट होऊ शकते, तिच्या शब्दयोजनेची चिकित्सा भाषाभ्यासकाने टाळावी, असे काही कारण दिसत नाही.

हा प्रश्न जुन्या यंत्रांच्या बाबतीत विशेष निकडीचा आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला तर तो अगदी घरचा आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठीतील अक्षरजुळणी, कोशांच्या नोंदी, प्रबंध आणि बोलींचे लिप्यंतर केलेले नमुने निरनिराळ्या फॉन्टांच्या खाजगी संकेतांत साठविले गेले. भारतीय लिपींसाठी इस्की हा प्रमाणसंकेत १९९१ मध्ये निश्चित झालेला असला, तरी छपाईच्या व्यवहारात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टाचा संकेत निराळाच राहिला. त्यांतील काही सॉफ्टवेअर संगणकाच्या मागील बाजूस डॉंगल जोडल्याखेरीज चालत नसत, आणि ते डॉंगल ज्या समांतर पोर्टात बसते तो पोर्ट नव्या यंत्रांवर राहिलेला नाही. अशा रीतीने एखादा जुना संगणक केवळ हौसेने नव्हे, तर त्याच्यावाचून जुना मजकूर उघडता येत नाही म्हणून जिवंत ठेवला जातो. तो महिन्यातून दोनदा कोसळू लागला, म्हणजे प्रश्न यंत्राचा राहत नाही, मजकुराचा होतो.

अशा वेळी करावयाच्या कृतीला आपण ‘निदान’ म्हणतो. या शब्दाची मराठीतील गंमत अशी की, क्रियाविशेषण म्हणून तो ‘किमानपक्षी’ या अर्थी येतो, तर आयुर्वेदाच्या परिभाषेत त्याचा अर्थ रोगाचे मूळ कारण असा आहे. वैद्यकग्रंथांनी रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. कारण कोणते, रोग प्रकट होण्यापूर्वीची चाहूल कोणती, प्रकट लक्षण कोणते, कशाने बरे वाटते, आणि कारणापासून लक्षणापर्यंत रोग कोणत्या वाटेने पोहोचला, असा हा क्रम आहे. संगणकाच्या दुरुस्तीवरील लेखनाला ही चौकट लावून पाहिली, की एक गोष्ट लगेच नजरेस येते. तपासणी करणाऱ्या आज्ञावल्या केवळ ‘रूप’ सांगतात. वाचक मात्र ते ‘निदान’ म्हणून वाचतो. प्रस्तुत विषयातील बहुतेक अनर्थ या एका गोंधळातून उद्भवतो.

या वाङ्मयप्रकाराचा मूळ ग्रंथ म्हणून जर कोणता निर्देश करावयाचा, तर तो युनिक्स प्रणालीतील ‘एफएससीके’ या आज्ञावलीवरील निबंधाचा करावा लागेल. आज्ञावली मुळात टी. जे. कोवाल्स्की यांची, बर्कली विद्यापीठात मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी ती नव्या, अधिक वेगवान फाइल-व्यवस्थेसाठी बदलली, आणि या दोघांच्या नावाने तो निबंध १९८० नंतरच्या दशकात बर्कलीच्या पुस्तिकांतून प्रसृत झाला. निबंध लहान आहे, पण त्याची रचना आदर्शवत् आहे. फाइल-व्यवस्था म्हणजे काय, ती अद्ययावत् कशी ठेवली जाते, ती बिघडते कशी, हे आधी सांगून मगच तो तपासणीकडे वळतो. बिघाडाची दोन प्रमुख कारणे त्याने स्पष्टपणे वेगळी ठेविली आहेत : यंत्र रीतसर बंद न करणे, आणि यंत्राच्या भागांतील दोष. हा दुसरा दोष डिस्कवरील एका खराब ब्लॉकाइतका सूक्ष्मही असू शकतो आणि डिस्कचा नियंत्रकच निकामी होण्याइतका ढळढळीतही असू शकतो, हेही तेथे बजावलेले आहे. एवढे स्पष्ट भान ज्यांना होते त्यांच्या आज्ञावलीचे वंशज पुढे जी भाषा बोलू लागले, ती पाहून वाचकाला थोडा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

मूळ आज्ञावलीची तपासणी पाच टप्प्यांत चालते. प्रथम ब्लॉक आणि आकार, मग मार्गनामे, मग जोडणी, त्यानंतर संदर्भांची संख्या, आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. प्रत्येक विसंगतीपाशी ती थांबते आणि विचारते : हे पुसावयाचे काय? हे पुन्हा जोडावयाचे काय? येथे कोणी कोणाला दोष देत नाही. दोन नोंदी परस्परांशी जुळत नाहीत, एवढेच ती सांगते. एक ब्लॉक दोन फाइलींनी आपला म्हटलेला आहे. एका फाइलीला कोणत्याच निर्देशिकेत नाव नाही. ही सातबाराच्या उताऱ्याची भाषा आहे. तलाठ्याला जमिनीचा खरा मालक ठाऊक नसतो, नोंदी मात्र ठाऊक असतात. आणि दोन उतारे जुळत नसले तर तो तसे लिहून मोकळा होतो. या संयमाचे मोल मोठे आहे. परंतु याच आज्ञावलीला सर्व प्रश्नांची उत्तरे आगाऊच ‘होय’ अशी देऊन टाकण्याची सोयही आहे, आणि व्यवहारात बहुसंख्य लोक तीच वापरतात. प्रश्नार्थक वाक्य लिहिणाऱ्याने विचारण्याची तसदी घेतली, वाचणाऱ्याने ऐकण्याची घेतली नाही, असा हा प्रकार आहे. बर्कलीच्या मंडळींनी एक मधला मार्गही ठेवला होता. पक्षी चोचीने आपली पिसे साफ करतो त्या क्रियेचे नाव त्याला दिलेले आहे. किरकोळ, निर्धोक विसंगती तेवढ्या आपण होऊन दुरुस्त कराव्यात, आणि त्यापलीकडे काही आढळले तर काम थांबवून माणसाला बोलवावे, असा त्याचा नियम. नाव आणि नियम दोन्ही यथार्थ आहेत.

आता ‘क्लीन’ या शब्दाकडे वळावे. लिनक्सच्या एक्स्ट घराण्यातील फाइल-व्यवस्था संगणक सुरू होताना आपण ‘क्लीन’ असल्याचे जाहीर करते, आणि मालक निश्चिंत होतो. वास्तविक या शब्दाने सांगितलेली गोष्ट अगदी मर्यादित आहे : मागच्या वेळी ही व्यवस्था रीतसर बंद केली गेली, आणि त्यावेळी कोणती चूक नोंदली गेलेली नव्हती. त्या क्षणी आतील मजकूर तपासलेला नसतो. हे विधान भूतकाळातील विधीविषयी आहे, वर्तमानातील प्रकृतीविषयी नव्हे. मराठी वाचकाला हा भेद समजावयास सोवळ्या-ओवळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. स्नान करून धूतवस्त्र नेसलेला मनुष्य सोवळ्यात असतो. त्याच वेळी त्याला ताप असू शकतो. उलट ‘डर्टी’ म्हणून खूण झालेली फाइल-व्यवस्था ओवळ्यात आहे, रोगी असेलच असे नाही. ‘स्वच्छ’ आणि ‘अस्वच्छ’ असे भाषांतर करणारे हा भेद पुसून टाकतात. तेथे ‘रीतसर मिटलेली’ आणि ‘उघडी राहिलेली’ असे शब्द अधिक खरे ठरले असते.

जर्नल ठेवणाऱ्या फाइल-व्यवस्था आल्यावर हा गैरसमज आणखी घट्ट झाला. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये एक्स्ट२ला जर्नल जोडण्याची योजना मांडली, आणि २००१ च्या अखेरीस एक्स्ट३ लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आली. विंडोज एनटीच्या एनटीएफएसमध्ये ही कल्पना १९९३ पासूनच होती. व्यापाऱ्याच्या पेढीवर प्रथम कीर्दीत नोंद होते आणि मग खतावणीत, तसेच येथे घडते. मध्येच दिवा गेला तर कीर्द पाहून खतावणी पूर्ण करता येते. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती, आणि यूपीएसची बॅटरी मेलेल्या कचेऱ्यांना या कीर्दीने खरोखर तारले असेल यात शंका नाही. पण कीर्द ही अपुऱ्या नोंदीवरचा उपाय आहे, चुकीच्या नोंदीवरचा नव्हे. सदोष रॅममुळे एखादा अंक कीर्दीतच चुकीचा उतरला, तर खतावणीत तोच चुकीचा अंक अत्यंत इमानेइतबारे चढतो. संगणक मग कुरकुर न करता सुरू होतो, ‘क्लीन’ हा शब्द उमटतो, आणि बिघाड आतल्या आत वाढत राहतो. जुन्या यंत्रावर वारंवार कोसळणाऱ्या व्यवस्थेला ‘जर्नल आहे, मग काळजी कसली’ असे म्हणणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतलेला नसतो.

एफएससीकेचा संयम एका टोकाला ठेवला, तर दुसऱ्या टोकाला विंडोज ९५ च्या उत्तर आवृत्तीतील आणि विंडोज ९८ मधील स्कॅनडिस्कचा तो प्रसिद्ध निळा पडदा ठेवावा लागेल. विंडोज रीतसर बंद केले गेले नाही म्हणून डिस्कवर चुका असण्याचा संभव आहे, असे तो सांगे. आणि हा संदेश पुन्हा दिसू नये असे वाटत असेल तर यापुढे नेहमी योग्य त्या मार्गानेच संगणक बंद करीत जावा, अशा आशयाचा उपदेश त्याला जोडलेला असे. या रचनेचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. पहिल्या वाक्यात कर्मणी प्रयोग असल्याने कर्ता लपलेला आहे. दुसऱ्यात आज्ञार्थ असल्याने तो उघड झालेला आहे, आणि तो आहे वाचक. दोन वाक्ये शेजारी येताच पहिल्यातील रिकामी जागा दुसऱ्यातील कर्त्याने आपोआप भरली जाते. पाणिनीय परंपरेत क्रियेच्या बाबतीत ज्याला स्वातंत्र्य आहे त्यालाच कर्ता म्हटलेले आहे. विंडोज स्वतःच गोठले, वीज गेली, किंवा एसएमपीएस दमला, तर मालकाला कोणते स्वातंत्र्य होते? तरीही कर्तृत्व त्याच्याच माथी मारले गेले.

या संदेशाचा अन्याय केवळ कल्पित नव्हता. पुढे असे आढळून आले की, वेगवान प्रोसेसर आणि मोठी अंतर्गत स्मृती असलेली डिस्क एकत्र आल्या, म्हणजे संगणक अगदी रीतसर बंद केला तरी डिस्कने आपल्या स्मृतीतील मजकूर पृष्ठभागावर उतरविण्यापूर्वीच तिची वीज तोडली जाई. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ साठी यावर जी दुरुस्ती काढली, तिचे स्वरूप म्हणजे बंद होण्यापूर्वी क्षणभर थांबणे एवढेच होते. म्हणजे मालकाने सांगितलेल्या मार्गानेच संगणक बंद केला, दुसऱ्या दिवशी त्यालाच ‘नीट बंद करीत जा’ असे सुनावले गेले, आणि घाई प्रत्यक्षात केली होती ती सुनावणाऱ्याने! असे असले तरी या संदेशाची एक बाजू मान्य केली पाहिजे. तो सामान्य माणसाला समजेल अशा पूर्ण वाक्यांत लिहिलेला होता. एफएससीकेची तुटक, मोठ्या अक्षरांतील संक्षेपांची भाषा जाणत्यांसाठी होती. स्कॅनडिस्कने अजाणत्यांशी बोलण्याचे धाडस केले. त्याचा दोष सुबोधतेत नाही. सुबोधतेच्या मोबदल्यात त्याने जे ठाऊक नव्हते तेही सांगून टाकले, यात आहे.

दोषाचा कर्ता नेमका सांगणारी भाषा शक्य आहे काय? आहे, आणि तिचे उदाहरण अनपेक्षित जागी सापडते. १९९५ च्या सुमारास ४८६ आणि पेंटियम यंत्रांच्या अनेक मदरबोर्डांवर सीएमडी६४० आणि आरझेड१००० या नावांच्या, डिस्क चालविणाऱ्या चिपा बसविलेल्या होत्या. त्यांच्या मूळ रचनेतच दोष असल्याने साध्या, नेहमीच्या परिस्थितीतही डिस्कवरील मजकूर बिघडे. लिनक्सचा गाभा जुळविताना जे पर्याय पुढे येतात, त्यांच्या साहाय्यक टिपणात या दोन्ही चिपांची नावे घेऊन, त्या कोणत्या प्रकारच्या मदरबोर्डांवर आढळतात आणि त्यांच्यामुळे गंभीर बिघाड कसा होतो, हे आडपडदा न ठेवता लिहिलेले होते. कर्ता, क्रिया आणि अधिकरण तिन्ही जागच्या जागी आहेत. २००१ मध्ये व्हिया कंपनीच्या ६८६बी या चिपेविषयीही मजकूर बिघडण्याच्या अशाच तक्रारी गाजल्या. जुने यंत्र हाती आले, की मदरबोर्डावर छापलेली चिपेची अक्षरे आधी वाचावीत, हा यातून निघणारा साधा पाठ दुरुस्तीच्या सल्ल्यांत क्वचितच आढळतो.

‘वारंवार’ हा शब्द या विषयाचा गाभा आहे, आणि तपासणीच्या भाषेला नेमका तोच उच्चारता येत नाही. ‘फाइल-व्यवस्था कोसळली’ हे एका घटनेचे विधान. ‘कोसळते’ हे रीतीचे. पहिल्याला दुरुस्ती हे उत्तर असू शकते, दुसऱ्याला कधीच नाही. तपासणीची प्रत्येक फेरी जणू पहिलीच असल्यासारखी बोलते. मागील मंगळवारी आपण हेच केले होते याची तिला आठवण नसते. २०१० च्या सुमारास एक्स्ट४ मध्ये एक चांगली सुधारणा झाली : पहिली चूक केव्हा झाली, शेवटची केव्हा, एकूण किती झाल्या, हे सुपरब्लॉकमध्ये नोंदले जाऊ लागले. पण ही मोजणी शेवटच्या तपासणीपासूनची असते. तपासणी करून घेणाऱ्या मालकाने पाटी पुसलेलीच असते! रोगाचा इतिहास ठेवणारी वही दर वेळी औषधाबरोबर फेकून द्यावी, तसा हा प्रकार होय. म्हणून वही बाहेर, कागदावरच ठेविली पाहिजे : दिनांक, त्यावेळी चालू असलेले काम, आणि तक्रारीत आलेला ब्लॉकचा क्रमांक.

या वहीची किंमत अन्वय-व्यतिरेकाची पद्धत लावली म्हणजे कळते. दर वेळी तोच क्रमांक, किंवा त्याच्या आसपासचे क्रमांक येत असतील, तर संशय डिस्कच्या पृष्ठभागावर जातो. दर वेळी निराळी जागा बिघडत असेल, तर डिस्क बहुधा निर्दोष आणि रॅम, केबल, नियंत्रक किंवा वीजपुरवठा संशयित. एखादी मोठी फाइल, रॅमच्या आकाराहून मोठी, लागोपाठ दोनदा वाचून तिची बेरीज-खूण काढावी. मध्ये काही लिहिलेले नसताना खुणा निराळ्या आल्या, तर लेखन नव्हे तर वाचनाची वाटच सदोष आहे. रॅमहून मोठी फाइल घेण्याचे कारण असे की, लहान फाइल दुसऱ्या वेळी डिस्कवरून न येता स्मृतीतूनच येते आणि परीक्षा फुकट जाते. डिस्क स्वतःविषयी जी निदर्शके नोंदविते, त्यांपैकी पाच क्रमांकाचे बदललेल्या सेक्टरांची संख्या सांगते आणि एकशे नव्व्याण्णव क्रमांकाचे केबलवरून येताना बिघडलेल्या संदेशांची. दुसरे वाढत असून पहिले स्थिर असेल, तर नवी डिस्क विकत घेणे हा अपव्यय आहे. प्रथम केबल बदलावी. जुन्या रुंद केबलांच्या बाबतीत चाळीस तारांची केबल ऐंशी तारांच्या जागी लावलेली असणे ही चूक अद्यापि आढळते.

परंतु या निदर्शकांच्या मौनाला निर्दोषतेचा दाखला मानू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांमध्ये चार प्रबळ निदर्शकांपैकी एकाचीही नोंद झालेली नव्हती. पूर्वरूप नसताना रूप प्रकटावे, असा हा रोग आहे. रॅमविषयीही असेच. २००९ च्या एका अभ्यासात, चूक ओळखणारी व सुधारणारी रॅम असलेल्या सर्व्हरांतसुद्धा दर वर्षी सुमारे आठ टक्के पट्ट्यांत चुका आढळल्या. घरातल्या आणि कचेरीतल्या जुन्या यंत्रांत ती सोयच नसते. तेथे चूक होते आणि तिचा साक्षीदार नसतो. मेमटेस्ट८६ सारखी चाचणी एका फेरीवर न थांबविता रात्रभर चालविण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो. मदरबोर्डावरील कपॅसिटर तर डोळ्यांनीच पाहावेत. १९९९ ते २००७ या काळातील अनेक यंत्रांत सदोष द्रावणाचे कपॅसिटर वापरले गेले. त्यांचे माथे फुगतात, कधी तपकिरी गळ दिसते. अशा बोर्डावर शंभर वेळा तपासणी चालविली तरी एकशेएकाव्यांदा व्यवस्था कोसळणारच.

येथे उपशयाविषयी एक शब्द लिहिला पाहिजे. आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसून पुन्हा बसविण्याची रीत आहे, आणि तिने पुष्कळदा गुण येतो. विद्वानांनी तिला हसण्याचे कारण नाही. दमट हवेत संपर्कांवर पुट चढते हे खरेच आहे. मात्र ‘बरे वाटले’ एवढ्यावरून ‘हेच कारण होते’ असे म्हणता येत नाही. पट्टी काढताना शेजारची केबलही हलते, आणि गुण तिच्यामुळे आलेला असू शकतो. जिम ग्रे यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात, शोधू लागताच नाहीशा होणाऱ्या दोषांना हायझेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून ‘हायझेनबग’ म्हटले होते. ते सॉफ्टवेअरविषयी बोलत होते, पण जुन्या यंत्रांच्या सैल जोडण्यांनाही ते नाव शोभते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा व्यतिरेकाचा नियम म्हणूनच मोडू नये.

सर्व संदेशांत विलक्षण असा एक संदेश काळाविषयीचा आहे. मदरबोर्डावरील लहानसा गोल सेल संपला, की बंद यंत्राचे घड्याळ मागे जाते, पुष्कळदा कित्येक वर्षे. यंत्र सुरू होताच एक्स्ट व्यवस्थेची तपासणी तक्रार करते की, सुपरब्लॉक शेवटी लिहिला गेल्याची वेळ भविष्यकाळात आहे. घाबरलेला मालक याला भयंकर बिघाड समजतो, आणि तो दर वेळी होत असल्याने डिस्क बदलावयास निघतो. वास्तविक या वाक्यात वक्त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे : आपले घड्याळ बरोबर आहे. काल आणि उद्या हे वक्त्याच्या आजवरून ठरतात, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्गात सांगितले जाते. येथे वक्त्याचा ‘आज’च चुकला आहे. ‘घड्याळ मागे पडलेले दिसते’ एवढे शब्द वापरले असते, तर किती डिस्का वाचल्या असत्या! थोड्याशा रुपयांचा सेल बदलला की हा दोष जातो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. तपासणी करणाऱ्या आज्ञावलीला डिस्कवरील नोंदी तेवढ्या दिसतात. रॅम, केबल, वीज तिला दिसत नाहीत. मग तिने कारण सांगावे ही अपेक्षाच गैर नव्हे काय? कारण सांगावे ही अपेक्षा नाही. आपण कारण सांगत नाही, हे तिने सांगावे, एवढीच आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, प्रचलित फाइल-व्यवस्था डिस्कच्या आंशिक बिघाडांना सुसंगत धोरणाने तोंड देत नाहीत; एकच चूक कुठे कळविली जाते, कुठे गिळली जाते. गिळलेली चूक तपासणीच्या वेळी विसंगती म्हणून वर येते, तेव्हा तिचा उगम पुसलेला असतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या झेडएफएसने प्रत्येक ब्लॉकची बेरीज-खूण निराळी ठेवून निदान एवढी तरी सोय केली की, ‘लिहिले ते हे नव्हे’ असे व्यवस्था शपथेवर सांगू शकते. कर्ता तिलाही ठाऊक नसतो, पण साक्ष तरी मिळते. जुन्या यंत्रांच्या तुटपुंज्या रॅमवर ती चालविणे बहुधा परवडत नाही, हा भाग निराळा.

मराठी बोलण्यात या सर्व प्रकाराला जे शब्द मिळाले, तेही तपासण्यासारखे आहेत. ‘हार्ड डिस्क उडाली’, ‘विंडोज उडाली’, ‘फाइल करप्ट झाली’. तिन्ही प्रयोग अकर्मक आहेत. संस्कृतात लाकूड आपोआप फाटते तेव्हा कर्मालाच कर्ता कल्पिले जाते, तसे येथे डिस्क आपण होऊन उडते. या निष्कर्तृक भाषेत एक प्रामाणिकपणा आहे. स्कॅनडिस्कसारखा खोटा आरोप ती कोणावर करीत नाही. उपायाची भाषा मात्र एकदम सकर्मक आणि आवेशाची होते : ‘फॉरमॅट मारला’. दोषाला कर्ता नाही आणि उपायाला मात्र हातोडा आहे, ही जोडी घातक ठरते. फॉरमॅट मारल्याने सदोष रॅम सुधारत नाही, फुगलेला कपॅसिटर बसत नाही. पुसला जातो तो पुरावा आणि त्याबरोबर मजकूर. तीन आठवड्यांनी ‘विंडोज पुन्हा उडाली’ असे ऐकू येते, आणि हातोडा पुन्हा उचलला जातो. योग्य क्रम याच्या उलट आहे. कोसळलेल्या डिस्कवर प्रथम काहीच लिहू नये. ती काढून निर्दोष यंत्राला जोडावी आणि जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची संपूर्ण प्रत घ्यावी; हे साधन सुवाच्य भाग आधी उचलते आणि खराब जागांशी झटापट मागाहून करते. तपासणी आणि दुरुस्ती ही त्या प्रतीच्याही प्रतीवर चालवावी. एफएससीकेला काहीही न बदलता केवळ वाचावयास लावता येते, आणि पहिले वाचन तसेच असावे.

राहता राहिला तो ‘हरवले-सापडले’ या अर्थाच्या नावाचा कप्पा. तपासणीत ज्या फाइलींचे नाव कोठेच आढळत नाही, त्या तेथे नेऊन ठेविल्या जातात, आणि नावाच्या जागी केवळ क्रमांक येतो. युनिक्सच्या रचनेत फाइलीचे नाव फाइलीत नसतेच. ते निर्देशिकेत असते. निर्देशिका गेली, की नामी उरतो आणि नाम जाते. इंग्रजी मजकूर असेल तर उघडून पाहता येतो. जुन्या मराठी फॉन्टांतील साध्या मजकुराची गोष्ट वेगळी आहे. कोणत्या फॉन्टात तो लिहिला, हे त्या बाइटांत कोठेही नोंदलेले नसते. पुष्कळदा ते केवळ फाइलीच्या विस्तारनामावरून किंवा ज्या फोल्डरात ती होती त्याच्या नावावरूनच कळत असे. ते नाव गेल्यावर समोर राहतात त्या निरर्थक लॅटिन चिन्हांच्या ओळी, आणि एकामागून एक फॉन्ट लावून पाहण्याचे काम. म्हणून अशा यंत्राची प्रत घेण्यास सवड नसली, तरी त्यावरील सर्व फोल्डरांची आणि फाइलींची नामावली, फॉन्टाच्या उल्लेखासह, छापून कागदावर दुसरीकडे ठेवावी. अर्ध्या तासाचे हे काम यंत्र चालू आहे तोपर्यंतच करता येते.